पोतेरं, मसोतं आणि गाडीचं फडकं

घरातल्या कापडांची कामं ठरलेली असतात. चुलीवरचं पातेलं उतरवायचं मसोतं वेगळं, जमीन सारवायचं पोतेरं वेगळं, चक्का बांधायचं फडकं वेगळं आणि उंबऱ्याबाहेरचं पायपुसणं तर फारच वेगळं. खानापूरकडच्या खेड्यात असो की बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्लीत, मसोत्यात चक्का बांधायचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि त्याच घरासमोर उभ्या असलेल्या, अजून हप्ते फिटायचे असलेल्या गाडीच्या वाट्याला मात्र एकच पिवळं फडकं. धूळ त्यानंच झटकायची, काच त्यानंच पुसायची, डॅशबोर्डही त्यानंच. दसऱ्याच्या आधी हौसेनं पेंट क्लीनर आणि सीलंटच्या दोन बाटल्या आणल्या, तर त्याही त्याच फडक्यावर ओतायच्या. मग दोन दिवसांनी उन्हात बॉनेटवर बारीक चऱ्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं आणि बोल बाटलीला लागतो.

या दोन बाटल्यांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. पेंट क्लीनरला रंगावरून काहीतरी काढायचं असतं: निस्तेज झालेला पापुद्रा, जुन्या मेणाचे अवशेष, क्षारांचे फिके डाग, धुऊन न जाणारा काळपटपणा. त्यासाठी त्यात विरघळवणारी द्रव्यं असतात, आणि बहुतेक वेळा अतिशय बारीक घासणारी पूडही. सीलंटला काहीच काढायचं नसतं. त्याला कृत्रिम पॉलिमरचा एक पातळ थर रंगावर ठेवून बाजूला व्हायचं असतं. म्हणून क्लीनरचं पॅड घासणारं हवं आणि सीलंटचं नुसतं वाहून नेणारं. पहिल्यात थोडा चावा हवा, दुसऱ्यात तो अजिबात नको.

यंत्रानं काम करणाऱ्याला पॅडची निवड थोडी चुकली तरी निभावून नेता येतं. ड्युअल अॅक्शन पॉलिशर मिनिटाला चार ते सहा हजार वेळा हलतो. माणसाचा हात कितीही चपळ असला तरी सेकंदाला दोन-तीन फेऱ्यांच्या पुढे जात नाही, आणि दहा मिनिटांनी तेवढ्याही राहत नाहीत. वेगाची ही तूट भरून काढायची तर ती पॅडच्या पोतानंच. हातानं काम करायचं म्हणून कुठलंही फडकं चालेल हा समज त्यामुळेच उफराटा आहे. हातकामात पॅडला जास्त महत्त्व येतं.

घासायला थर तरी किती असतो? कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. आपल्याला जे काही करायचं ते त्याच्याही वरच्या एक-दोन मायक्रॉनांत.

आपल्या मुलखात त्यावर काय काय बसतं ते आधी पाहू. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची वाट तांबड्या मातीची. या मातीत लोहाची ऑक्साइडं आणि गारेचे बारीक कण असतात, आणि दोन्हीही क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. चोर्ला घाटातून गोव्याला जाऊन आलेली गाडी पाहिली की दाराच्या खालच्या भागावर तांबूस थर दिसतो. कोरड्या फडक्यानं तो पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. उद्यमबागेत फौंड्र्या आणि मशीन शॉपच्या आसपास रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं दुखणं निराळं. तिथं हवेतले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि पांढऱ्या गाडीवर बारीक तांबूस ठिपके उमटतात. निपाणी-चिकोडीकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ आणि कारखान्याच्या धुराड्याची राख. त्यावर बोअरच्या जड पाण्यानं धुऊन गाडी उन्हात सुकवली की क्षारांचे गोल डाग पडतात ते आणखी. गाडीचा नंबर केए २२ असो की एमएच ०९, धूळ पाटी वाचून बसत नाही.

म्हणून पॅडचा विचार करण्याआधी गाडी धुऊन, सुकवून, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं रंगावरून हलकेच फिरवायची. नुसत्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून लख्ख कळते. खरखर लागली तर आधी आयर्न रिमूव्हर आणि मग क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारी चिकणमातीसारखी वडी. रिमूव्हर लोखंडाच्या कणांवर जांभळा होतो. उद्यमबागेतल्या गाडीवर तो रंग बघण्यासारखा असतो. या दोन्ही गोष्टी टाळून थेट क्लीनर घासायला घेतला तर उत्तमात उत्तम पॅडही ते कण रंगावर फरफटत नेईल. पुढचं सगळं पृष्ठभाग गुळगुळीत झाला आहे असं धरून.

आता पॅड. दुकानात मुख्यतः तीन जाती मिळतात: फोमचं, मायक्रोफायबरचं आणि सुती टर्कीचं.

फोम म्हणजे पॉलियुरेथेनचा स्पंज. गोल, चार ते पाच इंच व्यासाचा आणि निदान एक इंच जाड असावा. विकत घेताना उजेडाकडे धरून बघायचा. छिद्रं बारीक आणि सारखी असली की द्रव वरच्या वर राहतो. आंघोळीच्या स्पंजासारखी मोठी छिद्रं असली की पॅड निम्मी बाटली पिऊन टाकतं. मग चिमटीत दाबायचा. सोडल्याबरोबर मूळ आकारात आला तर चांगला. दाबल्या जागी खळगा राहत असेल तर तो एका गाडीपुरताही टिकणार नाही. कडा गोलसर असाव्यात, कारण काटकोनी कड दाराच्या मुठीखाली आणि आरशाच्या बुडाशी रेघ उठवते. काही पॅड एका बाजूला कडक, दुसऱ्या बाजूला मऊ, मध्ये गोंदानं चिकटवलेले येतात. कल्पना चांगली आहे, पण क्लीनरमधल्या द्रव्यानं गोंद सुटतो आणि ऐन कामात दोन चकत्या हातात येतात. त्यापेक्षा दोन साधे पॅड घ्यावेत.

सीलंटसाठी मऊ फोमला तोड नाही. तो वरच्या वर ओला राहतो, सरकतो, थर सारखा पसरवतो, आणि दाबायचं म्हटलं तरी रंगावर फारसा जोर जाऊ देत नाही. हाच गुण क्लीनरच्या वेळी अवगुण ठरतो. क्लीनरचा ओलावा मिळाला की फोम रंगावरून नुसता घसरत राहतो. हात दुखतो, डाग जागच्या जागी. अपवाद काळ्या किंवा गडद निळ्या गाडीचा, जिचा क्लिअर कोट मऊ आहे आणि नुसत्या पुसण्यानंही चरे पडतात. तिथं थोडा घट्ट फोमच घ्यावा, डाग अर्धा गेला तरी समाधान मानावं.

मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांचे चिरलेले, केसाहून कितीतरी बारीक धागे; प्रमाण बहुधा ८०:२० किंवा ७०:३०. क्लीनरमधली घासणारी पूड या धाग्यांच्या टोकांशी धरली जाते आणि प्रत्येक फेरीला रंगावरून फिरते. फोममध्ये तीच पूड छिद्रात जाऊन बसते. म्हणून हातानं क्लीनर लावायला आखूड लवेचं मायक्रोफायबर पॅड सगळ्यांत कामाचं. आत फोमची गादी आणि वर शिवलेलं कापड अशी त्याची बांधणी असते. शिवण कडेलाच आणि आत वळलेली आहे ना, हे बघायचं; तोंडावर शिवण आली की तिचा नायलॉनचा दोरा ओरखडतो. धुवायची सूचना छापलेली पट्टी लोंबत असेल तर ती घरी आणल्याबरोबर कातरून टाकायची. लांब, शेवयांसारख्या लोंब्यांची पॅडं गाडी साबणानं धुवायला छान, पण क्लीनरच्या कामाची नाहीत, कारण लोंबी लोळते आणि घासत नाही.

हेच पॅड सीलंटला का नको? एक तर ते सीलंट पिऊन टाकतं, आणि महागड्या बाटलीतला निम्मा माल गाडीऐवजी पॅडला लागतो. दुसरं, थर कमी-जास्त होतो. तिसरं म्हणजे सीलंट धाग्यांत वाळला की धागे काडीसारखे कडक होतात. ते पॅड पुढच्या महिन्यात पुन्हा हातात घेतलं की त्याचा ब्रश झालेला असतो.

सुती टर्कीच्या पॅडांना उभे फास असतात. घासतात बरे, पण हलक्या प्रतीचं सूत नव्या क्लिअर कोटवर धूसरपणा आणतं. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या एकथरी रंगाच्या गाड्यांना मात्र हेच पॅड शोभतं. नव्वदीतली लाल किंवा पांढरी गाडी उन्हानं खडूसारखी झालेली असेल तर टर्कीच्या पॅडनं क्लीनर लावला की आतला रंग वर येतो. अशा गाडीचा रंग पॅडवर उतरतो आणि मालक घाबरतो. घाबरायचं कारण नाही, तो वरचा मेलेला रंग आहे. पण क्लिअर कोटच्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला तर त्याच क्षणी थांबायचं. तिथला क्लिअर कोट संपला आहे; आता काम पेंटरचं.

जुना बनियन आणि धोतराचा तुकडा यांच्याबद्दल मोठी श्रद्धा असते. कापड मऊ आहे हे खरं. पण ते सपाट आहे. त्यात धुळीच्या कणाला बुडायला जागाच नाही, त्यामुळे कण कापड आणि रंग यांच्या मधोमध अडकतो आणि पूर्ण फेरीभर ओढला जातो. लवेच्या कापडात तो कण आत शिरतो. सगळा फरक एवढाच, आणि तो मऊपणाचा नाहीच. पिवळ्या फडक्याला थोडी लव असते, पण पुष्कळदा त्याचा रंगच सुटतो आणि कडेची शिलाई टोचते. मशीन पुसायचं कॉटन वेस्ट तर गाडीच्या दहा फुटांत आणू नये. त्यात लोखंडाचा कीस असायचाच. आणि भांडी घासायच्या स्पंजाची पिवळी बाजू मऊ म्हणून कुणी वापरत असेल, तर हिरवी बाजू त्याच स्पंजाला चिकटलेली आहे आणि हात कधीतरी फिरणारच, एवढं लक्षात ठेवावं.

बोटांचंही गणित आहे. चार बोटांची टोकं मिळून पाच-सहा चौरस सेंटिमीटर भरतात. चार इंची पॅडचा तळ सुमारे ८० चौरस सेंटिमीटर. कापड बोटाला गुंडाळून घासलं की तोच जोर साधारण तेरा ते सोळापट कमी जागेत एकवटतो आणि रंगावर चार बोटांच्या चार पट्ट्या उमटतात. फोमची जाडी हा जोर पसरवते, पूर्णपणे नाही तरी पुष्कळसा. एक इंचाहून कमी जाडीचं पॅड नको ते यासाठीच. जोर तळव्यानं द्यायचा, बोटं नुसती धरायला. मागे कडक मूठ असलेले गोल धारक मिळतात, टप आणि बॉनेट अशा मोठ्या सपाटीवर ते फार सोयीचे; बंपरच्या वळणावर मात्र त्यांची कड लागते, तिथं उघडं पॅडच बरं.

क्लीनर लावताना एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा घ्यायची. नव्या पॅडवर आधी पाच-सहा थेंब घेऊन ते बोटानं सगळ्या तळावर चोळून मुरवायचे, नाहीतर कोरड्या कडा ओरखडतात. नंतर दर तुकड्याला हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. आधी पॅड टेकवत टेकवत थेंब पसरवायचे, मग घासायला घ्यायचं: उभ्या फेऱ्या, त्यांच्यावरून आडव्या, प्रत्येक फेरी आधीचीला निम्मी झाकणारी. एकंदर वीस-पंचवीस फेऱ्या मध्यम जोरानं, शेवटच्या चार-पाच अगदी हलक्या. गोल गोल का नाही? चुकून एखादा कण सापडलाच तर सरळ चरा एकाच बाजूनं पाहिल्यावर दिसतो, गोल चरा कुठूनही चमकतो. क्लीनर वाळू न देता पुसून घ्यायचा, बाटलीवर वेगळं लिहिलेलं नसेल तर. पूर्ण हॅचबॅकला ३० ते ६० मिलिलिटर लागतो.

पॅड बोलतं, ते ऐकावं. चरचरून अडायला लागलं तर ते कोरडं पडलंय किंवा मळानं भरलंय. साबणासारखं निसटायला लागलं तर द्रव जास्त झालाय. पांढऱ्या गाडीवर पॅड राखाडी होणारच, तो मळ आहे. पण तोच मळ पुढच्या दारावर न्यायचा नाही. एक-दोन पत्रे झाले की बाजू पालटायची आणि दोन्ही बाजू भरल्या की पॅड बदलायचं. हॅचबॅकला तीन, मोठ्या गाडीला चार-पाच मायक्रोफायबर पॅड हाताशी हवेत. एकच पॅड घेऊन बसणाऱ्याची गाडी मागच्या दारापर्यंत येता येता मळानंच पॉलिश होते. जमिनीवर पडलेलं पॅड झटकून पुन्हा लावायचं नाही, ते सरळ बादलीत. अंगण तांबड्या मातीचं असेल तर या नियमाला सूट नाही.

पत्र्याच्या धारांवर, दाराच्या कडांवर रंग मुळातच पातळ असतो, तिथं जोर अर्ध्यावर आणायचा. काळ्या खरबरीत प्लास्टिकवर क्लीनर लागला की पांढरे डाग पडून राहतात. आधीच मास्किंग टेप लावणं हे नंतर टूथब्रशनं खरवडण्यापेक्षा सोपं. गाडीचा एखादा पत्रा नव्यानं रंगवून घेतला असेल तर तो पीयूनं (पॉलियुरेथेन) रंगवला की एनसीनं (नायट्रोसेल्युलोज) हे पेंटरला विचारावं. एनसीचा रंग थिनरनं पुन्हा विरघळतो, म्हणून तिखट वासाच्या क्लीनरची परीक्षा आधी दाराच्या आतल्या कडेवर. ताज्या रंगावर सीलंटची घाई नको. आतली द्रव्यं उडून जायला आठवडे लागतात, पीयूलाही.

इथं खंडेनवमीचा विषय निघणारच. पूजेत बॉनेटवर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढतात आणि पांढऱ्या गाडीवर पिवळा डाग राहतो. तो क्लीनरनं घासत बसू नये. हळदीतलं कर्क्युमिन उजेडानं विरतं. दोन-चार दिवस गाडी उन्हात राहिली की डाग आपोआप फिका होतो. साबणानं तो आधी लाल होईल, ते पाहून हातपाय गाळायचे नाहीत. सीलंटचं काम पूजेच्या आधी उरकलं असेल तर डाग मुळात खोल जातच नाही.

सीलंटकडे वळण्यापूर्वी क्लीनरचा तेलकटपणा काढायचा की नाही हे बाटलीवर बघायचं. एकाच बनावटीची जोडी असेल तर बहुधा गरज नसते. नसेल तर पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबर.

सीलंटच्या मऊ फोमवर अर्ध्या बॉनेटला हरभऱ्याएवढे दोन थेंब. खरंच दोन. जोर पॅडच्या स्वतःच्या वजनाएवढा. थर कसा दिसावा? आरशावर श्वास टाकल्यावर जितकी धूसर वाफ बसते तितका. सीलंटचा रंगाला भिडलेला पातळ थरच टिकतो, वरचा सगळा आपण स्वतःच पुसून टाकतो. जाड थरानं जास्त संरक्षण मिळत नाही, फक्त खालचा भाग वाळत नाही आणि पुसताना तेलकट पट्टे पडतात. हॅचबॅकला १५ ते २० मिलिलिटर पुष्कळ झालं. याहून जास्त लागलं तर पॅडची छिद्रं मोठी आहेत किंवा हात सैल आहे. कोरड्या दिवसांत वीस-तीस मिनिटांनी बोट ओढून पाहायचं: मागे स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला तयार, ओशट फराटा राहिला तर थांबायचं. पुसायला आखूड लवेची, शिलाई नसलेल्या कडांची दोन मायक्रोफायबर फडकी, एक उचलायला आणि दुसरं शेवटचा हात फिरवायला.

लावल्यावर १२ ते २४ तास पाणी लागता कामा नये. बेळगावच्या पावसाळ्यात एवढी उघडीप छपराखालीच मिळते, आणि कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हा विचारच सोडून द्यावा; दमट हवेत सीलंट वाळतही नाही. दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. डिसेंबरात पहाटे पत्र्यावर दहिवर बसतं, म्हणून दहाच्या आधी सुरुवात नको. एप्रिलमध्ये उलट, सकाळी लवकर आणि सावलीत. हाताची पाठ बॉनेटवर पाच सेकंद ठेवता येत नसेल तर क्लीनरही नको आणि सीलंटही नको.

काम झाल्याबरोबर पॅडं कोमट पाण्यात, भांड्याच्या पातळ साबणाचे काही थेंब टाकून भिजवायची. उद्या बघू म्हटलं की सीलंट धाग्यांत आणि छिद्रांत घट्ट होतो. पिळायची नाहीत, तळव्यात दाबायची. कपडे मऊ करणारं कंडिशनर वापरलं तर धाग्यांवर त्याचाच थर बसतो आणि पुढच्या वेळी तो गाडीवर उतरतो. टॉवेलांबरोबर मशीनमध्येही टाकू नयेत, सुती तंतू त्यात अडकून बसतात. वाळवायची सावलीत, दोरीला चिमट्यानं. जांभ्याच्या कट्ट्यावर पसरली तर सगळी मेहनत तांबड्या धुळीत. फोम उन्हानं पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आपल्या दमट हवेत बंद डिकीत वर्षभर पडलेला फोम बोटांत चुरा होऊन येतो, म्हणून मोठ्या साठ्याच्या पाकिटाचा मोह नको. वर्षाला लागतील तेवढीच घ्यावीत.

वाळल्यावर प्रत्येक पॅडच्या पाठीवर न जाणाऱ्या मार्करनं एक अक्षर: क्लीनरला ‘क’, सीलंटला ‘स’. दोन वेगळ्या पिशव्या, तोंड बांधलेल्या. ‘स’ थकला की काळ्या प्लास्टिकला ड्रेसिंग लावायला उतरतो, तिथून टायरला. ‘क’ थकला की दाराच्या आतल्या कडांना, मग चाकांच्या रिमला. लुगड्याची वाकळ होते, वाकळीचं पोतेरं होतं, पण पोतेऱ्याचं लुगडं कधी होत नाही. तसं टायरला लागलेलं पॅड कितीही स्वच्छ धुतलं तरी पुन्हा वर चढवायचं नाही. त्याच्या पाठीवरच्या अक्षरावर एक फुली मारायची आणि ते मागच्या सीटखाली, पान्यांच्या पिशवीत टाकायचं.